वरच्या बाईंचा ऐनूचा तास

जपानमध्ये आधी वेळ न ठरवता कुणाच्याही दारात जाऊन उभी राहणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती आमच्या वरच्या मजल्यावर राहत होती, असं माझं ठाम मत आहे. ज्या देशात सख्खा भाऊ बहिणीकडे जाण्याआधी दोनदा फोन करतो, तिथे या बाई शाळांच्या हेडमास्तरांच्या खोलीत "इथूनच चालले होते" म्हणत शिरायच्या. बाहेर गुडघाभर बर्फ असायचा आणि ती शाळा त्यांच्या घरापासून चांगली तासाभराच्या अंतरावर असायची, त्यामुळे "इथूनच चालले होते" हे कुणाला पटायचं नाही. पण तसं तोंडावर म्हणायची तिथे पद्धत नाही. तेवढ्या फटीतून बाई आत जायच्या आणि खुर्ची ओढून बसायच्या.

त्यांचं कामच तसं होतं. होक्काइदो बेटावर जपानी वस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून ऐनू लोक राहत आलेत. बाई त्यांच्यातल्याच. आमच्या त्या छोट्याशा गावातल्या आणि आसपासच्या सगळ्या सरकारी शाळांमध्ये ऐनू भाषा, गोष्टी आणि इतिहास शिकवण्याची जबाबदारी शिक्षण कार्यालयाने त्यांच्यावर टाकली होती. कागदोपत्री त्या या विभागाच्या प्रमुख होत्या. विभागात त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं. हाताखाली माणूस नाही ही उणीव त्यांनी हेडमास्तरांनाच कामाला लावून भरून काढली होती.

मी तिथे पोचले ती भूकंपामुळे. तो मोठा भूकंप झाल्यावर कावासाकीतल्या आमच्या कॉम्प्युटर कंपनीला एकाएकी वाटायला लागलं, की सगळी यंत्रं एकाच ठिकाणी ठेवणं बरं नाही. मग उत्तरेत दुसरं केंद्र निघालं आणि "दोनच वर्षं" असं सांगून मला तिकडे पाठवलं. नवरा नोकरीमुळे कावासाकीतच राहिला. जोडून सुट्टी आली की विमानाने यायचा. मी आणि दुसरीतली माझी लेक ईरा, अशा दोघी त्या बर्फात. पहिल्याच रविवारी बेल वाजली. दारात एक ठेंगण्या बाई, हातात बर्फ उपसायचं, त्यांच्याहून उंच फावडं.

"तुझं फावडं लहान आहे," त्या म्हणाल्या. "वरून बघवत नव्हतं. हे घे."

मग आत येऊन त्यांनी चहा घेतला, ईराला नखशिखांत न्याहाळलं आणि मला विचारलं, "ही तुझ्याशी कुठल्या भाषेत भांडते?"

"मी मराठीत बोलते. ती जपानीत उत्तर देते."

"बोलायचं नाही विचारलं. भांडायचं."

"जपानीतच."

"मग काळजी घ्यायला हवी," असं म्हणून त्यांनी बूट चढवले.

हा त्यांचा सिद्धांत होता. भाषा गाण्यांमध्ये आणि समारंभात जपली की तिची लोणच्यासारखी बरणी भरते, लोक वर्षातून एकदा झाकण उघडून वास घेतात. पण मुलं तिच्यात भांडायला लागली की ती जिवंत झाली असं समजावं. त्यामुळे त्यांच्या वर्गात पहिला धडा नमस्काराचा नसायचाच. पहिला धडा "ते माझं आहे", दुसरा "परत दे", आणि तिसरा "तूच पाडलंस". एका शाळेत शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी गोंगाटाची तक्रार केली, तेव्हा बाईंनी त्यांना अत्यंत नम्रपणे वाकून सांगितलं, "क्षमा असावी. आज परीक्षा चालू आहे."

हेडमास्तरांकडून काम करून घेण्याची त्यांची युक्ती तर मी आमच्या ऑफिसातही वापरून पाहिली, पण मला जमली नाही. त्यांच्या पिशवीत कायम घरी वाळवलेल्या सॅमन माशाच्या पट्ट्या असत, चपलेच्या पट्ट्याइतक्या चिवट. बसल्या बसल्या त्या एक पट्टी हेडमास्तरांपुढे धरायच्या. भेट नाकारणं अशक्य, आणि तोंडात घास असताना बोलणं त्याहून अशक्य. हेडमास्तरांनी चावायला सुरुवात केली की बाई मागणी मांडायच्या: चौथीला आणखी एक तास हवा, वाचनालयात एक कपाट हवं. घास गिळेपर्यंत पाचेक मिनिटं जायची. तेवढ्या वेळात हेडमास्तर सौजन्य म्हणून मान हलवत असत, आणि बाई ती मान वहीत "मंजूर" म्हणून लिहून घेत असत.

त्यांच्याबरोबर बसने जायचं म्हणजे तर एक प्रवचनच. तिकडच्या निम्म्या गावांची नावं ऐनू भाषेतून आली आहेत. जपानी लोकांनी ती आपल्या लिपीत बसवताना अर्थ वाटेत सांडला. शेवटी "नाइ" आलं की ओढा, "बेत्सु" आलं की नदी. प्रत्येक थांब्याला बाई मोठ्याने अर्थ सांगायच्या, आणि बसमध्ये श्वास घेण्याचाही आवाज न करणारी ती माणसं खिडकीबाहेर बघून ऐकत नसल्याचं दाखवायची. एकदा बाई आजारी होत्या. मी एकटीच बसमध्ये होते. थांबा आला, ड्रायव्हरने नाव पुकारलं, क्षणभर थांबला आणि मग माइकवर हळूच म्हणाला, "म्हणजे, मोठा ओढा." कुणी हसलं नाही. दोन आजीबाईंनी मान डोलावली.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. दर गुरुवारी संध्याकाळी वरून बांगडा भाजल्याचा वास यायचा, आणि बाईंना बांगडा सोसत नाही हे मला माहीत होतं. शुक्रवारी त्यांच्या मानेवर लाल चट्टे दिसायचे. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "स्टेशनजवळच्या मासेवाल्याकडे चांगला मिळतो. आणलेला टाकवत नाही." त्या मासेवाल्याने आपल्या पाचवीतल्या मुलीला ऐनूच्या तासाला बसवू नये असं शाळेला लिहून दिलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. "त्याला समजवायला जाता का?" मी विचारलं. "छे. मासे आणायला जाते. हवा कशी आहे विचारते."

ईरा तिसरीत गेली त्या वर्षी शिक्षण कार्यालयाने नवी योजना काढली. मुलांना कॉम्प्युटर शिकवायला दर आठवड्याला एक तास हवा होता, म्हणून ऐनूचा साप्ताहिक तास बंद करून त्याऐवजी वर्षातून एक "अनुभव दिवस" ठेवायचा. पोशाख, नाच, फोटो. कॉम्प्युटरचे धडे आमच्याच कंपनीचे होते, आणि ते मी स्वतः तयार केले होते. तो तास कुणाचा काढून घेणार हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कळलं तेव्हा मी जिना चढून वर गेले. बाई कागदपत्रं लावत बसल्या होत्या.

"मी काय करू?" मी विचारलं.

"पालकांच्या सभेला ये," त्या म्हणाल्या. "बाकी तुझं तू ठरव."

शनिवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली. मंचावर शिक्षण कार्यालयाचे प्रमुख आणि त्यांच्या बाजूला आमच्या कंपनीचे साहेब. प्रमुखांनी योजना वाचून दाखवली. बाई उठल्या. आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "एक दिवस पुरतो म्हणता? चालेल. मग जपानी भाषाही वर्षातून एकच दिवस ठेवू. सगळे किमोनो घालू, फोटो काढू. राहिलेल्या दिवसांत कॉम्प्युटरला भरपूर तास मिळतील."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं. प्रमुख लाल झाले. म्हणाले, "पण पालकांची या तासाला मागणी आहे असं आमच्याकडे कुणीच कळवलेलं नाही."

"मग आत्ता विचारा," बाई म्हणाल्या.

प्रमुखांनी विचारलं. कुणाचाही हात वर गेला नाही. माझाही नाही. हे लिहायला आजही जड जातं, पण साहेब समोर बसले होते आणि मी गुडघ्यावरच्या पर्सचा बंद घट्ट धरून खाली बघत राहिले. बाई उभ्याच होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

आणि मग मासेवाला उठला. रबरी बूट घालूनच आला होता.

"माझी आई ऐनू होती," तो म्हणाला. "बायकोला माहीत आहे. मुलीला सांगितलेलं नाही. शाळेत मला त्यावरून मारायचे, म्हणून तिला त्या तासापासून लांब ठेवलं. ती रोज विचारते, सगळे बसतात, मी का नाही." त्याने टोपी काढून हातात घेतली. "आज घरी जाऊन सांगतो. पण मी सांगेन तेव्हा तो तास बंद झालेला नसावा."

एवढं बोलून तो खाली बसला आणि टोपीने चेहरा पुसायला लागला. मग पुढच्या रांगेतून एक हात वर झाला, त्यामागे दोन, आणि मग मोजायची गरज राहिली नाही. माझा हात त्यात होता. पण तो कितवा होता हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आमच्याकडे पोहे खायला आल्या. मी माफी मागितली. "तुला घर चालवायचं आहे," त्या म्हणाल्या, आणि लिंबू पिळत राहिल्या. मग आपणहून सांगायला लागल्या, की त्यांच्या आईनेही त्यांच्याशी ऐनूचा एक शब्द काढला नव्हता. दार लावून आजीशी बोलायची आणि मुलं आली की जपानीत शिरायची. बाई ही भाषा शिकल्या त्या चाळिशीनंतर, एका अनोळखी म्हातारीच्या कॅसेटी ऐकून. "ती म्हातारी कॅसेटमध्ये मध्येच खोकते," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला तो खोकलाही मी शब्द समजून पाठ केला होता." आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता बाईंनी डोळे पुसले आणि आणखी पोहे मागितले.

तास वाचला, पण निम्मा: एका आठवड्यात ऐनू, एका आठवड्यात कॉम्प्युटर. मला वाईट वाटलं. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी उरलेला मागू," आणि लगेच मला कामाला लावलं. मी सुट्टीच्या दिवसांत आमच्या धड्यांमध्ये एक नकाशा बसवला. गावाच्या नावावर बोट ठेवलं की ऐनू अर्थ ऐकू यायचा, मुलांच्याच आवाजात. साहेबांना मी आधी विचारलं नाही. त्यांनी पाहिला, दोन-चार गावांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या सासुरवाडीचं गाव राहिलंय." बसच्या ड्रायव्हरने 'मोठा ओढा' असा अर्थ सांगितलेलं ते गाव नकाशात मासेवाल्याच्या मुलीने सांगितलं आहे, तेही घाईघाईने, कुणी हिसकावून घेईल अशा आवाजात.

दोनाची चार वर्षं झाली आणि आमची बदली ओसाकाला झाली. निघायच्या सकाळी बाई बसथांब्यावर आल्या. मी कंबरेत वाकून जपानी निरोपाची लांबलचक वाक्यं सुरू केली, तर त्यांनी मला थांबवलं.

"तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आमच्याकडे 'जाते' म्हणत नाहीत. निघणारी 'येते' म्हणते."

"परत येणार नसली तरी?"

"तरी."

त्यांनी माझी बॅग उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "मग तसंच म्हण."

मी "येते" म्हटलं. ईराने खिडकीतून हात हलवला, बस वळली.

त्याला बरीच वर्षं झाली. बाई आता निवृत्त झाल्यात. त्यांच्या जागी एक तरुण शिक्षिका आली आहे आणि ती फार वेळेवर येते, अशी त्यांची फोनवर तक्रार असते. मी कधी येणार, हे मात्र त्या विचारत नाहीत. दर उन्हाळ्यात मी उत्तरेची तिकिटं बघते, आणि दर उन्हाळ्यात ऑफिसचं, घराचं काहीतरी निघतं. "येते" म्हणून निघाले होते. अजून गेलेले नाही.