वहीतला हंस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी लगेच सांगतो. तुम्ही आपले वाटता, म्हणून बोलतो.

पंचविशीत मी शहापुरात मास्तर होतो. गाण्यात अर्थ शोधायचं भारी वेड. कुणी नुसतं गुणगुणलं तरी मी त्यात रूपक काढायचो, अनुप्रास मोजायचो. आमच्या गल्लीत हातमागावर बसलेल्या बायका एक गाणं म्हणत – दोन मैना, चार राघू, मधी हंस उभा. गुरुवारच्या भजनानंतर मी देवळात त्याचा अर्थ सांगू लागलो. मैना म्हणजे सुख आणि दुःख, राघू म्हणजे चार वेद, हंस म्हणजे आत्मा. लोक माना डोलवत. शाळा तपासायला टांग्यातून आलेल्या साहेबांनीही एकदा पाठ थोपटली. आणखी काय हवं?

एका गुरुवारी सगळे उठून गेले आणि एक पोर मागं थांबली. शांता – गल्लीतल्या विणकर गंगाक्काची नवी सून, सदलग्याची.

“मास्तर, आत्मा मधीच का वो उभा?”

काय सांगणार? मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं म्हणणं – ते मला कधी जमलंय?

“मूळ गाण्यात हंसच पहिला आहे,” मी म्हणालो. “माझ्याकडं जुनी वही आहे.”

वही नव्हती.

पुढं गंगाक्का लेकीच्या बाळंतपणाला निपाणीला गेली. लग्नासाठी सांगितलेलं एक लुगडं सुनेवर सोपवून गेली. परतली तेव्हा ते निम्मं विणून झालं होतं, आणि काठ चुकलेला. ते गाणं म्हणजे – हसा खुशाल – काठाच्या धाग्यांचा क्रम होता. दोन काळे, चार हिरवे, मधे पांढरा. शांतानं पांढरा आधी घेतला होता. माझे वेद म्हणजे हिरवं सूत.

गंगाक्का सुनेला घेऊन शाळेच्या दारात आली.

“मास्तर, हंस आधी म्हणून तुमी सांगितलंतं व्हय? ही तसं म्हणत्या.”

शांता माझ्याकडं बघत होती. अगदी निर्धास्त.

“मी अर्थ तेवढा सांगतो, आक्का. ओळ बदलणारा मी कोण?”

“ऐकलंस न्हवं? आता मास्तरांवर ढकलतीस व्हय?”

शांताला मागावरून उठवलं. चार वर्षं ती नुसत्या दुसऱ्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत राहिली. गल्लीनं नाव पाडलं – हंसवाली. तिनं पुन्हा माझं नाव घेतलं नाही.

मी मजेत आहे. भूक लागते, झोप लागते. गुरुवारचं निरूपण अजून रंगतं. हंस मधेच का, याचं झकास उत्तरही मला पुढं सुचलं. ते मी सगळ्या देवळाला ऐकवतो. शांताक्का पुढच्या रांगेत असते. केस पिकायला लागलेत तिचे. ती ऐकते. प्रश्न विचारत नाही.