ओव्यांसाठी हार्ड डिस्क

मंडळी, बोलतेय मी आणि टाइप करतेय माझी नात मेघा. चुका सापडल्या तर तिच्या.

मला लिहिता येत नाही, म्हणून मेघा माझ्या ओव्या कॉम्प्युटरवर भरून ठेवते. घरात कुणी जन्मलं किंवा लग्न होऊन आलं, की त्याचं नाव ओवीत जातं. मग तिला जुनं खोडून नवं भरावं लागतं.

आज आम्ही परळहून ग्रँट रोडला नवी हार्ड डिस्क घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "आजी, ही स्वस्त. हिच्यात माहिती लिहायच्या रेघा कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या असतात. एकदा भरून ठेवायला उत्तम. पण मधलं बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं, त्यात वेळ जातो. त्या दुसरीत रेघा सुट्या असतात."

मेघा म्हणाली, "आजी, ओव्या आता फायनल कर ना. मग स्वस्तातली चालेल."

"मी गेले की होतील फायनल. तेव्हा घे कौलांची," मी म्हटलं. "नातसुनेला सातवा लागलाय. तिच्या बाळाला काय ओवीबाहेर ठेवू?"

मेघा हसली आणि तिने सुट्या रेघांची घेतली.

तुम्हीही आजीची गाणी भरून ठेवताय का? मग डिस्क घेण्याआधी तिला विचारा, तिचं गाऊन संपलंय का.