कूलरच्या पायाखालचं पुस्तक

ताईनं वाचायला दिलेलं पुस्तक मी दोन उन्हाळे कूलरच्या पायाखाली ठेवलं.

मी कारंज्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. ताई मानोऱ्याजवळच्या तांड्यावर झेडपीच्या शाळेत मॅडम होती. अमरावतीहून किलोवर जुनी इंग्रजी पुस्तकं आणायची. त्यातून तिला आयर्लंडकडच्या प्रेमाच्या, विनोदी कादंबऱ्यांचा नाद लागला. गुलाबी कव्हर, त्यावर उंच टाचेची सँडल.

एसटीत वाचताना एकटीच हसत बसायची.

"ताई, वय काय तुहं? पोरीसोरींचं वाचून राह्यली." माझा शहाणपणा.

"तू कव्हरच वाचतं, बापू. हे घेऊन जाय. एवढं एकच वाच."

घरी आणलं. कूलर डगमगत होता. पुस्तक बरोबर त्या जाडीचं निघालं.

पुढे तिनं विचारलं, "वाचलं काय रे?"

"हो. टाइमपास आहे."

ती भाजी निवडायला लागली.

आज ताईला जाऊन वर्ष झालं.

परवा कूलर हलवला. पुस्तक पाणी पिऊन फुगलेलं. लाज वाटली म्हणून वाचायला बसलो.

पहिली पन्नास पानं नुसता हसलो. नायिका विधवा, सगळ्या ऑफिसला हसवणारी, नव्या शेजाऱ्याशी कचाकचा भांडणारी.

मग एक पान आलं. ती रोज संध्याकाळी दोन कप चहा करते. एक पिते. दुसरा थंड झाला की बेसिनमध्ये ओतून देते. कुणी पाहिलंच तर म्हणते, पाहुणा आला तर असावा.

त्या पानाचा कोपरा ताईनं दुमडला होता.

भाऊजी गेल्यावर मी मधूनमधून तिच्याकडे जायचो. न सांगता. तरी टेबलावर दोन कप भरलेले.

"मी येतो हे तुले कसं समजते?"

"कोणी ना कोणी येतेच ना बाप्पा. घे, पे."

मी खुशीत प्यायचो. बहीण आपली किती वाट पाहते, असं वाटायचं. मित्रांना सांगायचोसुद्धा.

बायकोला पान दाखवलं. ती म्हणाली, "ताई रोजच दोन कप मांडत. त्यांच्या शेजारच्या काकूनं तेरवीला सांगितलं मले."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी कुठं ऐकता कोणाचं?"

अकरा वर्षं मी भाऊजींचा चहा पीत होतो. तिला तोंडानं सांगता येईना म्हणून तिनं पुस्तक दिलं. आणि मी, इंग्रजीचा प्राध्यापक, टाइमपास म्हणालो.

श्रद्धांजली लिहायचं तोंड नाही मला.

ताई, पुस्तक वाचलं मी. आता खरंच वाचलं.

मले माफ कर.