बोरझरीचा झरा आणि सुगंधाबाईची साक्ष

सुगंधाबाईने आयुष्यात एकच सार्वजनिक काम केले, आणि तेही एका माणसावर सूड उगवण्यासाठी. बोरझरीत मोहल्ल्यामोहल्ल्यात नळ आले याचे श्रेय तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या तेव्हाच्या जनपद सभेला दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. योजनेचा कागद तीन वर्षे नागपूर आणि चांदा यांच्यामध्ये हेलकावे खात होता, तेव्हा त्याच्यामागे न थकता चालणारी व्यक्ती ही मासेमारी करणाऱ्या ढिवर जातीची एक विधवा होती. लोकांना ती परोपकारी वाटली, आणि तिनेही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

सिंदेवाहीच्या पुढे जंगलाच्या कडेला बोरझरी आहे. गावाच्या वरच्या अंगाला टेकडीच्या पायथ्याशी खडकाच्या भेगेतून बारमाही पाणी निघते. गावाचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, नानाजी यांच्या वडिलांनी त्या झऱ्याभोवती दगडी कुंड बांधले, कुंडाभोवती आमराई लावली आणि आमराईला भिंत घातली. कुंडातून एक लोखंडी नळी बाजारातल्या टाक्यापर्यंत आणली होती. त्या टाक्यावर अर्धे गाव पाणी भरी. उन्हाळ्यात मात्र आंब्यांना पाणी हवे म्हणून नळी बंद होई, आणि उरलेल्या अर्ध्या गावाप्रमाणे सगळेच तलावाचे पाणी पीत. ढिवर मोहल्ला आणि महारपुरा यांना तर बाराही महिने तलावच होता.

ढिवराच्या हातचे पाणी वरच्या जातींना चालत असे. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून सुगंधाबाई झऱ्याचे पाणी नानाजींच्या स्वयंपाकघरात भरत होती. डोक्यावर दोन हंडे घेऊन ती दिवसातून अनेकदा त्या फाटकातून जाई-येई, पण त्यातले घोटभर पाणीही तिला स्वतःच्या घरी नेता येत नव्हते. या व्यवस्थेत विसंगती आहे असे त्या काळी कोणालाच वाटत नव्हते, तिलाही नाही.

सत्तेचाळीस सालच्या उन्हाळ्यात तिचा नवरा नथ्थू पटकीने आजारी पडला. तिने एक घागर भरली आणि पदराखाली धरून फाटकातून निघाली. नानाजी नेमके समोर उभे होते.

"कोनासाठी होय ते?"

"मालक, त्याले हागवण लागली हाये. पोटात पानी राह्यत नाई. एक घागर नेतो, बस."

नानाजी रागावले नाहीत. त्यांनी जवळच्या कलमाकडे बोट दाखवले. "त्या झाडाले टाक. झाड आंबे देते. तुहा नवरा काय देते?"

तिने ते पाणी झाडाला टाकले. नथ्थू त्याच आठवड्यात गेला. झऱ्याच्या एका घागरीने तो वाचला असता का, हे आज कोणीही सांगू शकणार नाही, आणि वैद्यकाच्या दृष्टीने ते संभवनीयही दिसत नाही. सुगंधाबाईला तो प्रश्न कधी पडलाच नाही. तिच्या हिशेबी मरणाचे कारण ठरले होते आणि त्याला नाव होते.

यानंतरचे तिचे वागणे नात्यातल्या लोकांना कळले नाही. नथ्थूचे दिवस उरकल्यावर ती पुन्हा हंडा घेऊन त्याच फाटकातून आत गेली, आणि पुढेही अनेक वर्षे जात राहिली. तिच्या मागोमाग बोरझरीत येऊन राहिलेला धाकटा भाऊ केवळराम म्हणाला, "बाई, काऊन जातं तू तिथी? तोंड तरी कसं पाह्यतं त्याचं?" त्यावर ती म्हणाली, "रोज पाह्यतो म्हनून तं राग ताजा राह्यते. घरी बसलो तं थंडा होईन."

मालगुजारी गेली तेव्हा गावाच्या नकाशावर दोन फरक झाले. झऱ्याच्या सांडव्याखाली एक बोडी, म्हणजे लहानसा तलाव होता. तो जनपद सभेने ढिवरांना ठेक्याने दिला. केवळराम आणि त्याची बायको भागीरथा यांच्या हाती पहिल्यांदाच स्वतःचे म्हणावे असे पाणी आले. त्यात ते शिंगाडा लावत, मरळ आणि झिंगे धरत. बोडी पावसाने भरे हे खरे, पण वैशाखात ती जगे ती झऱ्याच्या ओघळावर. त्या गुडघाभर पाण्यात शिंगाड्याचे बियाणे टिकून राही.

दुसरा फरक झऱ्याचा. नव्या कायद्याने वाहते पाणी सरकारचे झाले, खाजगी विहिरी मात्र मालकाकडे राहिल्या. नानाजींनी तत्काळ अर्ज दिला की आमराईतला झरा ही त्यांच्या वडिलांनी खोदलेली विहीर आहे.

तशात तांदळाचे व्यापारी आणि जनपद सभेचे सभासद मनसाराम यांनी योजना मांडली: कुंडावर छत घालून ते बंदिस्त करावे, नवी नळी टाकावी, गावात उंच टाकी बांधावी आणि प्रत्येक मोहल्ल्यात नळ द्यावा. बातमी कळली त्याच दिवशी सुगंधाबाईने नानाजींच्या घरचे पाणी भरणे सोडले. ती मनसारामांच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसली.

"भाऊ, नळ आला तं मालकाच्या घरी पानी कोठून जाईन?"

"जाईन ना नळावरून. साऱ्यायसारखं."

"त्याले रांगेत लागा लागन?"

मनसाराम हसले. "कायदा तं तसाच हाये, बाई."

"मंग सांगा, कुठी आंगठा देऊ."

तिला काय हवे होते हे त्या प्रश्नात उघड होते. नानाजींनी कोणापुढे तरी उभे राहून पाणी मागावे, एवढेच. त्यासाठी तिने मोहल्ल्यामोहल्ल्यातून अंगठे गोळा केले, मनसारामांबरोबर चांद्याला खेपा घातल्या, कचेरीच्या पायऱ्यांवर शिळी भाकर खाल्ली. मंजुरी मात्र दोन गोष्टींवर अडली होती. एक, झरा निसर्गाचा की माणसाने खोदलेला. दोन, भर उन्हाळ्यात त्याचे पाणी पुरेसे आहे की नाही. यात आरोग्य खात्याची एक अट होती: ज्या पाण्यावर आधीपासून कोणाची उपजीविका आहे ते सोडून उरलेलेच योजनेत धरायचे.

पंचावन्न सालच्या वैशाखात नागपूरहून उपअभियंता आला. त्याने झऱ्याची धार मोजली. सगळे पाणी घेतले तर योजनेला जेमतेम पुरेल असे निघाले. ओघळ खाली सोडावा लागला, तर योजना तिथेच बारगळणार होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर हरकती ऐकायचे ठरले.

बोरझरीच्या ढिवर मोहल्ल्यात एक रीत होती. सरकारी माणसापुढे सगळ्यांनी बोलायचे नाही. आदल्या दिवशी पंचांनी एकाला 'तोंड' द्यायचे. मग त्याने जे सांगितले ते मोहल्ल्याचे म्हणणे. बाहेरच्यासमोर तोंडाला खोडून काढणारा जातीतून जाई. वर्षानुवर्षे पोलिसांच्या आणि ठेकेदारांच्या हाती चार माणसांच्या चार जबान्या लागून नुकसान झाल्यावर ही रीत पडली असावी. मोठ्या घरात वावरलेली म्हणून पंचांनी या वेळी तोंड सुगंधाबाईला दिले. सांगायचे काय तेही ठरले: नळ हवा, पण बोडीचा ओघळ राहू द्यावा.

ओसरीवर गर्दी होती. पहिला प्रश्न झऱ्याचा निघाला. सुगंधाबाई म्हणाली, "साहेब, होळी झाल्यावर आमी ढिवरच झरा उपसतो. माह्या सासऱ्यानं उपसला, नवऱ्यानं उपसला. खाली नुसता खडक. कुदळीचा घाव नाई कुठी."

नानाजी उठले. "ही माह्या घरची पानी भरनारी. हिले विहीर का न झरा का, काय समजते?"

मागून कोणीतरी ओरडले, "मालक, मंग धरतीमायनं पट्टा लिहून देला काय तुमाले?" लोक खदखदून हसले. उपअभियंत्यालाही हसू आवरले नाही. त्याने झरा निसर्गाचा असल्याचे टिपून घेतले.

नानाजी खाली बसले नाहीत. हरलेल्या माणसाची घाई त्यांच्यात नव्हती. हात जोडून अतिशय सौम्य आवाजात ते म्हणाले, "साहेब, झरा घ्या. माही हरकत नाई. पन खाली या गरिबायची बोडी हाये. झऱ्याच्याच पान्यावर जगते ते. यायच्या पोटावर पाय देऊ नका, एवढंच म्हननं हाये माहं."

ते अक्षरशः खरे होते. पंचांनी सुगंधाबाईला जे सांगायला बसवले होते, तेच नानाजी बोलले होते. तिने फक्त मान हलवायची होती.

उपअभियंत्याने विचारले, "बाई, हे म्हणतात ते बरोबर आहे?"

ती नानाजींकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "नाई साहेब. बोडी पावसानं भरते. झऱ्याचा थेंब लागत नाई तिले."

उपअभियंत्याने केवळरामकडे वळून विचारले, "तुमचं काय म्हणणं?" केवळरामने खाली पाहिले. त्याच्यामागे बसलेल्या सगळ्या ढिवरांनी खाली पाहिले. या मौनाचा अर्थ संमती असाच होत होता, आणि तसाच तो लिहिला गेला.

घरी आल्यावर केवळरामला कंठ फुटला. "बाई, तोंड आमी देलं होतं तुले. आमचं होतं ते!"

"त्याच्यासंगं हो म्हनू का मी?"

"तो खरं बोलून राह्यला होता ना!"

"म्हनूनच नाई म्हनली. गरिबायचा पुळका त्याले माह्या नवऱ्याच्या वक्ती काऊन आला नाई?"

केवळराम उठून बाहेर गेला. त्या दिवशी बहीणभावांत अंतर पडले. ते त्या दोघांमध्ये पुढे वाढतच गेले.

मंजुरी आली. तिच्या अटींप्रमाणे आमराईची भिंत पाडली गेली, झऱ्याजवळची झाडे तोडली गेली आणि कुंडावर छत घालून त्याची किल्ली जनपद सभेकडे गेली. झाडे पडत होती तेव्हा सुगंधाबाई दिवसभर तिथे उन्हात बसून होती. छप्पन सालच्या दिवाळीच्या सुमारास, जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच दिवसांत, नळाला पाणी आले. ढिवर मोहल्ला आणि नानाजींचे घर यांना मिळून एक नळ होता. ती रोज सकाळी सगळ्यांआधी तिथे जाऊन नानाजींची वाट पाहू लागली. उन्हाळा लागेपर्यंत मात्र त्यांच्या घरी परसातल्या विहिरीवर भागत होते.

पुढच्या वैशाखात बोडीची जमीन तडकली. शिंगाड्याचे बियाणे वाळून गेले. आणि एके सकाळी नळाच्या रांगेत भागीरथा पितळी हंडा घेऊन उभी दिसली.

"कोनाचा हंडा होय, भागीरथा?"

"मालकाच्या घरचा."

"कोन मालक? मालगुजारी गेली."

"तुह्यासाठी गेली, बाई. माह्यासाठी तूच आनली." भागीरथेने हंडा नळाखाली सरकवला. "अना त्यायनं निरोप देला हाये तुले. सुगंधीले सांगजो म्हने, नळाचं पानी मोठं गोड लागते."

या निरोपाने तिचे सगळे श्रम फुकट ठरवले होते. नानाजींना रांगेत यावे लागले नव्हते, मागावे लागले नव्हते. त्यांच्या घरी पूर्वीप्रमाणेच ढिवराची बाई पाणी भरत होती आणि ती आता सुगंधाबाईच्या माहेरची होती. इथे थांबणे शक्य होते. सुगंधाबाई थेट मनसारामांच्या दुकानी गेली.

"भाऊ, नियम करा. नळाचं पानी ज्याचं त्यानंच न्यावं. मजुरीनं दुसऱ्याच्या घरी कोनी भरू नये."

"अवो, भागीरथेची मजुरी जाईन ना त्यानं!"

"जाऊ द्या."

"तुहा भाऊ उपाशी मरन, बाई."

"त्याची बायको त्या घरी पानी भरते, त्यापक्षा बरं."

नियम झाला. नळावर गर्दी फार होते, असे कारण सभेत देण्यात आले आणि ते खोटेही नव्हते. केवळराम बायकोला घेऊन वडशाला तांदळाच्या गिरणीत मजुरीला निघून गेला. जाताना तो बहिणीच्या दारावरून गेला, पण थांबला नाही. पंचांनी बैठक घेतली आणि ठरवले की जिने मोहल्ल्याचे तोंड मोहल्ल्यावरच उलटवले, तिच्याशी कोणी बोलायचे नाही.

दोन-चार दिवसांनी नानाजी स्वतः हंडा घेऊन नळावर आले. बायको अंथरुणाला खिळली होती आणि त्यांच्या जातीतली कोणी बाई दुसऱ्याचे पाणी भरणार नव्हती. रांगेत सुगंधाबाई सर्वांत पुढे होती. तिच्यामागे नानाजी आणि त्यांच्यामागे मोहल्ल्यातल्या बाया. पाणी सकाळी थोडाच वेळ येई.

तिने घागर भरली. मग दुसरी. मग घरातून आणलेली कळशी, डेचकी, गंज आणि आदल्या दिवशी कुंभाराकडून आणलेली नवी मडकी. एक भांडे काठोकाठ झाले की दुसरे लावायचे. घाई अजिबात नव्हती. नानाजी हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी एकदा खाकरून पाहिले. ती वळली आणि थेट त्यांच्या तोंडाकडे पाहत थांबली. एक शब्द, "दे", एवढाच तिला ऐकायचा होता. त्यांनी हंडा या हातातून त्या हातात घेतला आणि टेकडीकडे बघत राहिले. मागच्या बायांना ओरडायचे होते, पण तिच्याशी बोलायची त्यांना बंदी होती. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

तिने पुढचे मडके लावले. ते अर्धे भरले असताना धार बारीक झाली, थरथरली आणि थांबली. नानाजी रिकामा हंडा घेऊन घराकडे वळले. त्यांच्या पाठोपाठ एकेक करून मोहल्ल्यातल्या बाया रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन तलावाच्या वाटेला लागल्या.