पुढचं दार, मागचं दार

"याच्या हाती काही देऊ नका, हा हरवून येईल." माझा थोरला भाऊ हे चार गिऱ्हाइकांसमोर बोलला, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. वडिलांच्या पश्चात गावातलं कापडाचं दुकान दादाच चालवायचा. कापडाचा एक गठ्ठा हरवला होता, हे खरं. पण तो त्याने स्वतःच चुकीच्या एसटीच्या टपावर चढवला होता. दुसऱ्या दिवशी मी एक पिशवी घेऊन हैदराबादला निघून आलो. पुढे त्या गोष्टीला वीस वर्षं झाली, तरी ते वाक्य मी विसरलो नाही आणि दादाच्या दारात पाऊल टाकलं नाही.

हैदराबादेत मी आधी दारोदार प्लास्टिकच्या बादल्या विकल्या, मग अफझलगंजच्या एका गल्लीत दुकान घातलं. मी सांगतो ती त्या दिवसांतली गोष्ट, जेव्हा बाजार नुकता खुला झाला होता. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायची गरज उरली नव्हती, आणि माझ्या गल्लीतले व्यापारी एकेक करून मारुती घेत होते. मी मात्र मलकपेठच्या घरून दुकानात सिटी बसनेच यायचो. त्याच बसच्या मागच्या दारात बादल्यांच्या चळती सांभाळत मी उभा राहिलो होतो, सामानाच्या तिकिटावरून प्रत्येक कंडक्टरशी भांडलो होतो. शिवाय ऑटोवाले लुबाडतात, हे माझं मत आजही कायम आहे.

त्या उन्हाळ्यात माझी माय गावाहून आली. ती दादाकडे राहायची. माझ्याकडे आली ती त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन, मला लग्नाला न्यायला. मी पत्रिका न उघडताच फळीवर ठेवली. दोन दिवसांनी माय म्हणाली, "तुझं दुकान तर दाखव."

दुकान बघून ती खूश झाली. प्रत्येक डब्याचं झाकण तिने लावून, काढून पाहिलं. दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही घरी जायला निघालो. ऊन मरणाचं होतं, म्हणून मी ऑटो थांबवला.

"मलकपेठ, कित्ता?"

"पंधरा."

"दस."

"अम्मा साथ में है सेठ, धूप तो देखो."

"अम्मा मेरी है, तेरी नहीं. बारा."

"तेरा पे बैठो."

"बारा बोला तो बारा."

त्याने मायकडे बघून मान हलवली आणि ऑटो पळवला. माय म्हणाली, "एका रुपयासाठी कामून रे बाबा?"

"एका रुपयाची गोष्ट नाही, माय."

"मग कशाची?"

आम्ही बस स्टँडवर गेलो.

हैदराबादच्या सिटी बसमध्ये बायका पुढच्या दाराने चढतात, पुरुष मागच्या. नवरा-बायको असोत की माय-लेक, बसच्या दाराशी फारकत होते आणि उतरल्यावर पुन्हा गाठ पडते. तिकीट एकाने काढलं की झालं. मलकपेठची बस लागलेलीच होती. गर्दी धावली, तसा मी मायला म्हणालो, "तू पुढच्या दाराने चढ, मी मागून चढतो. मी हाक मारली की उतर." मायने मान डोलावली आणि मी मागच्या दाराला लटकलो.

आत बायकांच्या बाकांवर एक पांढऱ्या केसांचं, पदर घेतलेलं डोकं दिसलं. मी निर्धास्त झालो. कंडक्टरला म्हणालो, "दो मलकपेठ. एक आगे लेडीज." त्याने न बघताच दोन तिकिटं फाडली.

मलकपेठला मी उतरून पुढच्या दाराशी गेलो. "माय, उतर!" ते पांढरं डोकं माझ्याकडे वळलं. ती दुसरीच कुणी म्हातारी होती. मी पुढच्या दारातून आत घुसलो. एक बाई ओरडली, "लेडीज में कहाँ घुसरे जी!" मी सगळे बाक पाहिले. माय नव्हती.

बस निघून गेली आणि मी रस्त्यात उभा राहिलो. मायला वाचता येत नव्हतं. माझ्या घराचा पत्ता तिला माहीत नव्हता. घोडे पळतात त्या मैदानाजवळ पोरगा राहतो, एवढंच तिला ठाऊक. आणि माझ्या कानात वीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य घुमायला लागलं.

समोरून ऑटो आला. मी बसलो. "अफझलगंज, चल."

"मीटर पे पाँच रुपये ज्यादा—"

"जो लेना है ले. चल!"

भाव न करता बसलेला माणूस पाहून तो घाबरला असावा. चादरघाटचा पूल ओलांडेपर्यंत आरशातून माझ्याकडेच बघत होता.

स्टँडच्या केबिनमध्ये बसणाऱ्या कंट्रोलरला मी सगळं सांगितलं. त्याने डोक्यावरचा पंखा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "तुमची बस कुठं उभी होती?" मी जागा दाखवली. "तिच्या मागं चिकटून मेहदीपट्टणमची गाडी होती," तो म्हणाला. "अम्मा कुठं उभ्या होत्या?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन बसगाड्या एकीमागे एक उभ्या होत्या. आम्ही त्या दोघींच्या मधे होतो. पुढच्या बसचं मागचं दार आणि मागच्या बसचं पुढचं दार यांत चार पावलांचं अंतर. मी मायला पुढच्या दाराने चढ म्हणालो, आणि तिला जे पुढचं दार समोर दिसलं, त्याने ती चढली.

"ती गाडी परत इथंच येणार," कंट्रोलर म्हणाला. "तासाभरात. पण मधे कुठं उतरल्या असतील तर..."

शेजारी एसटीडी बूथ होता. दादाला कळवायला हवं, असं मनात आलं. आत जाऊन मी रिसीव्हर उचलला, गावचा कोड फिरवला आणि ठेवून दिला. काय सांगणार होतो? तुझं म्हणणं खरं ठरलं, हे?

बाहेर येऊन मी उन्हात उभा राहिलो. येणाऱ्या प्रत्येक बसच्या पुढच्या दाराशी धावायचो. उतरणाऱ्या बायका माझ्याकडे संशयाने बघायच्या. एकीने चप्पलही दाखवली.

तास उलटून गेल्यावर ती बस आली. बस थांबायच्या आधीच मला मायचा आवाज ऐकू आला. निजामाच्या काळात वाढल्यामुळे तिला कामापुरती उर्दू यायची, आणि ती सगळी ती कंडक्टरवर खर्च करत होती.

"उतरी क्या मैं? नहीं उतरी. फिर दूसरा टिकट कायका?"

"अम्मा, बस जाके वापस आई ना!"

"बस गई, बस आई. मैं बैठीच हूँ."

कंडक्टरने मला पाहून हात जोडले. "आप के हैं क्या ये? ले जाओ जी!"

मी मायला हात धरून खाली घेतलं. आणि माझा स्वभाव असा की पहिल्यांदा तोंडातून राग बाहेर पडला. "तुला पुढच्या दाराने चढ म्हणालो होतो ना!"

"पुढच्याच दाराने चढले. तूच कुठं गेल्तास?"

मी तिथेच कट्ट्यावर बसलो. ती शेजारी बसली आणि कनवटीतून काढलेलं एकच तिकीट मला दाखवलं. "मागं पोरगाच नाही म्हणल्यावर मी ठरवलं, उतरायचं नाही. गाडी जिथून निघते तिथं येतेच की. तू पण येशील."

मला हसू आलं आणि रडूही. तिच्याजवळची पाण्याची बाटली संपवल्यावर मी हळूच म्हणालो, "माय, हे दादाला सांगू नकोस."

तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखतो, आरशात रोज बघतो. "नाही सांगत. तू लग्नाला चल."

"एक दिवस येतो."

"चार."

"अक्षता टाकून निघतो."

"मग सांगते."

"दोन दिवस. आणि त्याच्या दुकानात पाय ठेवणार नाही."

"दोन दिवस," माय म्हणाली, "आणि हळदीला हजर."

वीस वर्षांच्या धंद्यात असा सौदा माझ्याकडून कुणी करून घेतला नव्हता.

मी ऑटो बघायला उठलो, तर ती म्हणाली, "बसनेच जाऊ." मलकपेठची बस लागली, तशी ती माझा शर्ट धरून मागच्या दाराकडे निघाली. कंडक्टर ओरडला, "अम्मा, आगे से!"

"आगे से एक बार चढी," माय पायरीवर पाय ठेवत म्हणाली, "बेटा गुम गया." पुरुषांनी हसत वाट दिली आणि एकाने उठून जागाही दिली.

लग्नात दादाने सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "एवढा मोठा व्यापारी झालास, अजून बसनेच फिरतोस म्हणे?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात माय म्हणाली, "बसच चांगली. नेते आणि परत आणून सोडते." त्याला काही कळलं नाही. हरवलेल्या गठ्ठ्याबद्दल तो अजूनही एक शब्द बोललेला नाही, आणि मीही ते विसरलेलो नाही. पण त्या दिवशी त्याने वाढलेली जिलबी मी खाल्ली. दोनदा मागून घेतली.