तहाचं पहिलं पान

सगळं विद्यापीठ त्यांना तहबाई म्हणायचं. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका नदीकराराच्या जोरावर बाईंनी पुस्तक लिहिलं, प्राध्यापकी मिळवली आणि शेजारच्या देशातल्या एका अभ्यासकाशी तीस वर्षं तळटीपांतून कचाकचा भांडण केलं.

भांडण एका ओळीचं. मासेमारीच्या हक्काची ओळ आपल्या प्रतीत शाबूत, शेजाऱ्यांच्या प्रतीत खोडलेली आणि बाजूला कुणाची तरी बारीक सही. शेजाऱ्यांनी ती मागाहून खोडली, ही शुद्ध लबाडी आहे, असं बाईंचं म्हणणं.

निवृत्तीच्या भाषणाला दोन दिवस उरले असताना त्या अभ्यासकाने आपल्याकडच्या प्रतीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. पहिलं पान वाचतो कोण? त्यात राजांच्या पदव्यांशिवाय असतं काय? बाईंनी वाचलं आणि ताडकन उठल्या. प्रत्येक देशाच्या प्रतीत त्याचं नाव आधी लिहायचं, हा जुना रिवाज. शेजाऱ्यांकडच्या प्रतीत आपलं नाव आधी होतं!

गुडघ्यांची पर्वा न करता बाई धावतच दफ्तरखान्यात पोहोचल्या. आपल्या प्रतीत शेजाऱ्यांचं नाव आधी. म्हणजे सह्यांनंतर दूत चुकून एकमेकांच्या प्रती घेऊन घरी गेले होते. मग ती बारीक सही आपल्याच कचेरीच्या नोंदवहीत सापडली. ओळ आपल्याच कारकुनाने, दोघांच्या संमतीने, सह्यांच्या आदल्या दिवशी खोडली होती. दुसऱ्या, म्हणजे आता आपल्याकडे असलेल्या प्रतीत खोडायची राहून गेली. काखेत कळसा नि गावाला वळसा! बाईंना आनंदाने हसू आवरेना.

विभागप्रमुख हा त्यांचाच विद्यार्थी, त्याचा प्रबंधही याच लबाडीवर उभा. बाईंकडून सगळं ऐकून त्याने विनवलं, भाषण तेवढं होऊन जाऊ द्या, मग सांगा.

"बाई, आयुष्यभराचं काम आहे तुमचं."

"म्हणूनच. दुसऱ्या कुणी का सांगायचं?"

घरी पुस्तक उघडल्यावर मात्र एक जुनी तळटीप समोर आली. त्या अभ्यासकाला त्यांनी लबाडांचा वकील म्हटलं होतं, तेही छापून. त्यांनी फोन लावून माफी मागितली. तो एवढंच म्हणाला की तुमच्याकडच्या पहिल्या पानाचा फोटो ताबडतोब पाठवा, त्यालाही धीर धरवत नव्हता.

भाषणाला सभागृह भरलं होतं. जुने विद्यार्थी हारतुरे घेऊन आलेले, विभागप्रमुख पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेला. बाईंनी चष्मा पुसला.

"तीस वर्षं मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," त्या म्हणाल्या. "वह्या काढा."