उजवीकडचा फोल्डर

काकूला आमच्या बटणांच्या दुकानात सोळा वर्षं झाली, तरी कुणी राखाडी बटण मागितलं की ती आधी भिंतीकडे बघते. माझी आई बघत नाही.

दुकानाची मागची भिंत म्हणजे नुसते खण. तीनशे चाळीस. प्रत्येकाच्या तोंडाशी आतलंच एक बटण तारेने बांधलेलं आणि खाली नंबर. आई गिऱ्हाइकाच्या हातातलं कापड बघते, हात मागे नेते, आणि हात बरोबर त्या खणावर पडतो.

"वहिनी, तुमच्या पाठीला डोळे आहेत का हो?" रोज येणाऱ्या शिंपीणबाई विचारतात.

"पाठीला नाहीत. पण मॅडमना समोर दोन आहेत, ते तरी वापरावेत." आई काकूकडे मान वळवते. "मॅडम, दोनशे अठरा म्हटलं होतं. हे दोनशे एक्क्याऐंशी."

"एकच की हो ताई. दोन्ही राखाडी."

"हो ना. मग तू आणि मीपण एकच. दोघी सुना."

शिंपीणबाई हसतात. काकूही हसते, पण तिचं हसू आधी संपतं.

जावा-जावा म्हटलं की लोकांना भांडण हवं असतं. आमच्याकडे भांडण कधीच नव्हतं. भांडायला बरोबरी लागते. आईकडे तीनशे चाळीस खण होते, आणि काकूकडे जिन्याखालचं एक टेबल. टेबलावर कॉम्प्युटर, समोर हात मोडलेली फिरती खुर्ची. लग्नाआधी काकूने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, म्हणून ती 'मॅडम'. सहा वर्षांपूर्वी तिने एकटीने दुकानाची वेबसाइट उभी केली. खणाखणातलं एकेक बटण काढून टेबलावर ठेवलं, वरची ट्यूबलाइट लावली, फोटो काढले. फाइलींना नावं दिली खणांच्या नंबरांची, कारण आमच्या दुकानात कशालाच दुसरं नाव नसतं. लांबलांबून ऑर्डरी यायला लागल्या. आईला त्या जिन्याखाली काय चालतं ते कळत नसे, आणि काकूला तेच फार आवडत असे.

"तिथे मला कुणी नंबर सांगायला येत नाही," ती मला म्हणायची.

मग एके दिवशी होस्टिंगवाल्याचा फोन आला. हा म्हणजे आमची वेबसाइट ज्याच्या मशीनवर ठेवलेली असते तो. काकूने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"मॅडम, सर्व्हर बदलतोय. आता ब्राउझरमधून एकेक फाइल चढवायची भानगड बंद. एफटीपीचा प्रोग्राम टाकून घ्या. सगळं एकदम जाईल."

काकूने प्रोग्राम उतरवला, बसवला, उघडला. वर चार चौकोन. होस्ट, युजरनेम, पासवर्ड, पोर्ट. त्याने सांगितलं ते कागदावर लिहिलं, कागदावरचं चौकोनांत टाइप केलं, 'कनेक्ट' दाबलं. खाली लाल ओळ. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

"पासवर्ड चुकतोय मॅडम."

"नाही हो. बघून बघून घातलाय."

आई कात्री शोधत जिन्याखाली आली होती. ती काकूच्या खांद्यावरून वाकली. पासवर्डच्या जागी अक्षरं दिसत नव्हती, नुसती काळी टिंबं.

"अकरा आहेत," आई म्हणाली.

"काय अकरा?"

"टिंबं. तुझ्या कागदावर अक्षरं दहाच आहेत."

शेवटी एक रिकामी जागा जास्तीची पडली होती. आई आयुष्यभर बटणं नजरेने मोजत आली. डझनात एक कमी-जास्त असलं तर तिला बोट लावावं लागत नाही. काकूने ती जागा पुसली, आणि हिरवी ओळ आली.

"कोण बोललं ते?" फोनमधून होस्टिंगवाला.

"मोठ्या जाऊबाई."

"वा! मला नसतं सुचलं."

पडद्याचे दोन भाग झाले होते. डावीकडे आमच्या कॉम्प्युटरमधल्या फाइली, उजवीकडे सर्व्हरवरच्या. डावीकडची उचलून उजवीकडे सोडली की ती जगाला दिसणार, असं त्याने समजावलं.

"म्हणजे डावीकडे घर आणि उजवीकडे चव्हाटा," आई म्हणाली.

"अगदी! अहो, इतकं सोपं करून मीच कुणाला सांगितलेलं नाही."

"मग मला येईल का हो हे? या फोटोंतले रंग मला कधीच पटले नाहीत. मी नवे काढीन म्हणते."

"का नाही येणार? मॅडम तुमचं वेगळं अकाउंट काढून देतील. दोन मिनिटांचं काम."

फोन ठेवल्यावर काकूने अकाउंट काढलं. खरंच दोनच मिनिटं लागली. त्या फॉर्ममध्ये शेवटी एक चौकोन होता: हे अकाउंट कोणत्या फोल्डरमध्ये उघडायचं. त्यात आपोआप एक नाव भरलं गेलं होतं, आईच्या अकाउंटच्याच नावाचा नवा कोरा फोल्डर. वेबसाइटचे फोटो होते दुसऱ्या फोल्डरमध्ये. कोऱ्या फोल्डरची वेबसाइटला खबरच नव्हती. त्यात काहीही टाका, ते पोचणार, राहणार, आणि कुणालाही दिसणार नाही.

"मी काही केलं नाही," काकूने मला नंतर शपथेवर सांगितलं. "जे आपोआप आलं ते पुसलं नाही, एवढंच."

"पण तुला माहीत होतं."

"डिप्लोमा आहे ना माझा."

दुसऱ्या दिवसापासून आईचा नेम सुरू झाला. दुपारी तीनला दुकान ओसरलं की ती एकेक खण उचलून बाहेरच्या पायरीवर न्यायची, बटण कापडावर ठेवायची, फोनने फोटो काढायची. मग जिन्याखाली.

"ही खुर्ची एवढी उंच का गं? पाय टेकत नाहीत माझे."

खालचा दांडा ओढून ती खुर्ची खाली करायची. नंतर काकू बसायला गेली की गुडघे छातीशी यायचे. रोज. काकू रोज खुर्ची वर करायची, आणि रोज तिच्या मनात तेच यायचं. हिला आता हेपण हवं. भिंत पुरली नाही.

"ट्रान्सफर सक्सेसफुल!" आई जिन्याखालून अख्ख्या दुकानाला वाचून दाखवायची. "सात गेल्या. सातही पोचल्या."

शिंपीणबाईंनी चौथ्या दिवशी सांगितलं, "वहिनी, बघितलं हो मी. जुनेच फोटो आहेत."

आईने काकूकडे बघितलं. काकू रिबिनीचं रीळ गुंडाळत होती.

"सर्व्हरला वेळ लागतो, ताई."

"किती?"

"नवा आहे ना तो. आठ-दहा दिवस."

हे मात्र आपोआप आलेलं नव्हतं. हे तिने स्वतः टाइप केल्यासारखं होतं, अक्षर न् अक्षर.

नवव्या दिवशी आईची दाढ काढायची होती. निघताना पायरीवरून ती म्हणाली, "उद्या त्या होस्टिंगवाल्याला मीच फोन लावते. नंबर लिहून ठेव हं."

आई वळणाआड झाली तशी काकू जिन्याखाली बसली. होस्टिंगवाल्याला एका क्षणात कळलं असतं. पण काकू म्हणते, खरं सांगायचं तर तिने फोल्डर उघडला तो भीतीने नाही. फोटो किती वाईट आलेत ते तिला बघायचं होतं. हललेले, अंधारलेले, कडेला अंगठा आलेला. नऊ दिवस तिने मनात त्या अंगठ्याची वाट बघितली होती.

त्रेसष्ट फोटो. एकातही अंगठा नव्हता. शिंपल्याच्या बटणांखाली काळं कापड, काळ्यांखाली पिवळं. दोनशे अठरा उघडलं तर ते राखाडी नव्हतंच. उन्हात त्याच्या पोटात निळं होतं. दोनशे एक्क्याऐंशीच्या पोटात तपकिरी. काकूच्या ट्यूबलाइटमध्ये दोघं सख्खी भावंडं दिसत होती, आणि सोळा वर्षं ती आईला सांगत आली होती की एकच आहेत.

"वाईट असते ना," ती मला म्हणाली, "तर त्याच मिनिटाला हलवले असते. वर 'बघा, किती मदत करते' असंही म्हटलं असतं. चांगले निघाले म्हणून हात उचलेना."

मग उचलला. त्रेसष्ट फोटो आधी डावीकडे उतरवले, मग खऱ्या फोल्डरकडे ओढले. लगेच प्रोग्रामने मध्ये एक खिडकी उघडली: या नावाची फाइल आधीच आहे. दोघींनी नावं खणांच्या नंबरांचीच दिली होती. वर जुनी फाइल, तिची तारीख, तिचं वजन. खाली नवी. काय करू? बदलू, सोडू, की नवीला दुसरं नाव देऊन दोन्ही ठेवू? आणि खाली एक बारीक चौकट, 'सगळ्यांना हेच लागू करा'. तिथे एक खूण केली असती तर सगळं एका दमात मिटलं असतं.

काकूने खूण केली नाही. आपलाच फोटो आपल्या हाताने पुसायचा तर एकेक करून, तारीख बघून, असं तिला वाटलं. दोनशे अठरा, बदलला. बहात्तर, बदलला. एकशे नऊ. त्या दिवशी तिला ताप होता, तरी फोटो काढले होते. बदलला. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. त्यांना रिबीन देऊन ती परत बसली. शेवटी खण नंबर एक. साधं पांढरं, चार भोकांचं शर्टाचं बटण. वेबसाइटवर चढलेला पहिला फोटो. तो दिसला तेव्हा घरातले सगळे तिच्या खुर्चीमागे उभे होते, आणि आईने विचारलं होतं, "हे तू केलंस?"

आईचा फोटो जास्त चांगला होता. काकूने 'सोडू' दाबलं.

आई परतली ती गालात कापूस घेऊन. तिने उभ्या उभ्या फोनवर वेबसाइट उघडली आणि सावकाश खाली सरकत गेली.

"आये," ती म्हणाली. "फगळे आये."

"आले ना," काकू म्हणाली.

"नऊ दिवफ कुठे होते?"

काकूला 'सर्व्हर' म्हणता आलं असतं. शब्द तयार होता. पण आईचा अर्धा चेहरा बधिर होता आणि उरलेला अर्धा सरळ तिच्याकडे बघत होता.

"दुसऱ्या फोल्डरमध्ये. तो आपोआप झाला होता. मी राहू दिला."

आईने कापूस काढला, कागदात गुंडाळला.

"मला वाटलंच होतं. वेळ लागतो म्हणालीस तेव्हा तू रीळ उलटं गुंडाळत होतीस."

"मग फोटो का टाकत राहिलात?"

"तू कधीतरी उघडून बघशील म्हणून." आई परत फोनकडे वळली. "त्रेसष्ट टाकले होते. बासष्टच बदलले. एक नंबर तुझाच आहे."

"हो."

"दोन्ही ठेवायची सोय असते ना त्यात? दुसरं नाव देऊन. मला विचारतो प्रोग्राम कधी कधी."

"असते."

"दिसली नाही तुला?"

"दिसली की. मला नको होती."

आई हसायला गेली आणि गाल धरून बसली.

संध्याकाळच्या आत काकूने आईच्या अकाउंटपुढचा तो चौकोन पुसून खरा फोल्डर लिहिला. आता आई चढवते ते लगेच दिसतं. तीनला ती जिन्याखाली असते म्हणून काकूला भिंतीपाशी उभं राहावं लागतं, आणि राखाडी मागितलं की ती अजूनही नंबर वाचते, फक्त आता बटण घेऊन आधी पायरीवर जाते. "जळतेस का अजून?" मी विचारलं. "मग काय विझते?" ती म्हणाली.

परवा आईने मला जिन्याखाली बोलावलं. "हे बघ गं, एक नंबर बदलायला गेले तर लाल ओळ येते. परवानगी नाही म्हणतो. बाकीच्यांना म्हणत नाही."

मी बघितलं. त्या एका फाइलवर 'फक्त वाचता येईल' असं कुणीतरी करून ठेवलं होतं.

"काकूला विचार," मी म्हटलं.

आईने काउंटरकडे पाहिलं. काकू पाठमोरी उभी होती आणि तिने रीळ गुंडाळायचं थांबवलं होतं.

"नको," आई म्हणाली, आणि दोन नंबरकडे वळली.